नावं ठेवणं

कुताइसीत, पांढऱ्या पुलाजवळ माझं दुकान.
तळघरातलं; खिडकीतून फक्त बूट दिसतात.
मंगळवारी तपकिरी बूट थांबले, जिना उतरले:
त्सिआला. रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क.
"ओमारची गाणी. एक सापडत नाही मेलं.
बघ तरी, ही काय नावं झाली?"

चार हजार एकशे बारा फाइली.
'वीज गेली'. 'वीज आली २'.
'गुरामचा टेंपो, डावा स्पीकर फुटका'.
'हिला आवडत नाही, हळू लावणे'.
'माहीत नाही पण चांगलं'.

सोपं आहे, म्हटलं. हल्ली यंत्रच करतं:
गाण्याचे चार क्षण कान देऊन ऐकतं,
आवाजाच्या अंगठ्याचा ठसा उमटवून घेतं,
दूरच्या कुठल्या दफ्तरात विचारतं, हा कोण?
उत्तर आलं की पाटी बदलतं.

रात्रभर पंखा घरघरला.
सकाळी सगळं सुतासारखं सरळ.
गायक, गाणं, साल, क्रमांक.
कुणाच्याही बारशाला न जेवलेला मी,
चार हजार बारशी झोपेत उरकली.
एकशे नऊ तेवढी अनोळखी राहिली.

तिने चष्मा लावला. खाली खाली सरकत गेली.
बराच वेळ.
"आणि ती हळू लावायची?"
कुठली?
"मला न आवडणारी."

जुनी यादी मी कुठेच जपली नव्हती.
हे सांगताना मी टेबलावरचे स्क्रू मोजत होतो.

ओरडली नाही. स्टूल ओढलं. कोटही काढला नाही.
"लाव. पहिल्यापासून."

"हे 'गॅसच्या रांगेत'."
"हे, थांब, जरा पुढे ने, हे 'मावशीला विचारणे'."
ती सांगत गेली, मी गायक पुसत गेलो, सालं पुसत गेलो.
मध्येच म्हणाली,
"सदतीस वर्षं मी त्याच्या गाण्यांना
नुसती नावंच ठेवली रे."
हसली की खोकली, कळलं नाही.

दुकान बंद करायच्या वेळेला एकोणीस झाली होती.
विसावं पूर्ण वाजलं. परत लावलं.
वरचे बूट विरळ झाले.
"नाही आठवत."
मग काय लिहू?
"माहीत नसलं की तो काय लिहायचा?"

मी 'माहीत नाही' लिहून थांबलो.
तिने पडद्यावर, त्या शब्दांपुढे बोट टेकवलं
आणि आणखी दोन शब्द उमटेपर्यंत
उचललं नाही.