वितळल्यावर

पाषाणला आज आठ. पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो.
मी कानटोपीत, पायांत मोज्यांचे दोन जोड,
आणि फोनमध्ये मृण्मयी, एडमंटनहून:
"आमच्याकडे उणे एकतीस, बाबा. हसू नका."

मी हसलो नव्हतो.
तिनं फोन फिरवला. मागचं अंगण नुसतं पांढरं,
मधोमध झाकण घातलेला चौकोनी हौद,
आधीच्या मालकानं घराबरोबर गळ्यात मारलेला.
गरम पाण्याचा. बर्फ पडत असताना त्यात बसायचं म्हणे.
"उघड्यावर?" शैला स्वयंपाकघरातून.
"आणि मग ओल्या केसांनी घरात पळत यायचं?"

दोन रात्री वीज नव्हती.
पंप थांबला, हीटर थांबला,
पाणी नळ्यांमध्ये जिथल्या तिथे थिजलं.

चौतीस वर्षं मी भोसरीत पंप जोडले.
केसिंग, इंपेलर, सील. झोपेत अजून पाना फिरवतो,
शैलाचा खांदा साक्षीला आहे.
पण गोठलेला पंप जन्मात पाहिला नाही.
पुण्यात पाणी फार तर रुसतं,
गुरुवारी येत नाही.

एकदाच. सत्त्याऐंशीचा मे, फ्रीज नवाकोरा,
शैलानं काचेच्या बाटलीत कोकम सरबत भरून
वरच्या कप्प्यात ठेवलं आणि विसरली.
सकाळी बाटलीच्या आकाराचा लाल बर्फ,
काचा त्याला चिकटून, जागच्या जागी.
मृण्मयी पाच वर्षांची. तिला समजावलं होतं:
बाकी सगळं थंडीत आकसतं, पाणी तेवढं फुगतं.
त्याला जागा लागते, आणि ती कुणी ठेवलेली नसते.
"आठवतं?"
"आठवतं. तुम्ही काचा मोजल्या होत्या."

तर ऐक. उकळतं पाणी ओतू नकोस,
घाईनं तडकेल ते वेगळंच.
बाजूची फळी काढ, चार स्क्रू आहेत.
वरून गोधडी टाक, छोटा हीटर लाव, लांबून,
आणि थांब.
तिनं गोधडी आणली. माझ्या कंपनीच्या शर्टांची,
एका तुकड्यावर अजून खिसा होता.

जावईबापूंना म्हणावं, टॉर्च धरा जरा.
"तो टोरांटोला आहे."
कधीपासून?
तिनं कॅमेरा पंपाकडे वळवला.
"ही रेघ दिसते का? तडा आहे की ओरखडा?"

मी चष्मा पुसला. आज नाही कळायचं, म्हटलं.
गोठलेलं असतं तोवर सगळं धडधाकट दिसतं,
बर्फच बूच होऊन बसलेला असतो.
गळती कळते ती वितळल्यावर.

तिथला मेकॅनिक तीन आठवड्यांनी येणार. चार हजार डॉलर.
मी मनात साठनं गुणलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी, साडेनऊ. तिच्याकडे सकाळचे नऊ.
आमची घड्याळं जवळपास सारखीच, उजेड तेवढा उलटा.
"बाबा, सुटलं."
फोन तिनं खाली धरला. अंधारात टप्.
मग पलीकडे टप्, टप्.
युनियनच्या आट्यांत एक, हीटरच्या नळीला एक,
तिसरी कुठून ते दिसेना.
वाटी ठेव, म्हटलं. स्टीलची. आवाजावरून सांगतो.

ऐकत बसलो. शैला येऊन शेजारी टेकली,
हात ओले, पदराला पुसायचे राहिलेले.
बऱ्याच वेळानं मृण्मयी म्हणाली, "सप्टेंबरपासून."
मी म्हटलं, हं.
वाटी भरत आली असेल. दुसरी लाव.

आमच्या बाथरूमचा नळही दसऱ्यापासून ठिबकतोय.
वॉशर आणलाय, शर्टाच्या खिशातच आहे.
त्या रात्री किती तरी वेळ
मला दोन आवाज वेगळे काढता येईनात.