ठिपका वर

नव्या लॅपटॉपला दोनच भोकं, तीही एकाच कुशीला.
विकणारा म्हणाला होता, मॅडम,
या पिनेला उलटं-सुलटं नसतं,
अंधारात लावली तरी लागते.

आमच्या वजनकाट्याला मात्र नऊ पिना
आणि दोन कानांत पिळायचे दोन स्क्रू.
म्हणून आधी एक अडॅप्टर, त्याच्या शेपटीला दुसरा,
मग हब, मग हे इवलंसं तोंड.
शेवटच्या वाफ्याला पाणी पोचावं तसा
एकतीस क्विंटल चाळीसचा आकडा
माझ्या पडद्यावर यायचा.

मंगळवारी आला नाही.

टुण, जोडलं गेलं.
टुण, तुटलं.
हब बदलला. केबल बदलली.
पेनड्राइव्ह लावला, तो दिसला;
काटा लावला, दिसेना.
बंद करून चालू केला, देवाचं नाव न घेता,
मग घेऊन.
धरणगावच्या जिनिंगबाहेर ट्रॅक्टर पार पंपापर्यंत,
आणि सुकलाल खिडकीत वाकून:
"ताई, त्यानी नाडी पाही राह्यनी का?"

एरंडोलहून अकील पिंजारी आला,
हेल्मेट न काढताच टॉर्च मारला.
"रुई आहे आत. ड्रायव्हर-बिव्हर नंतर बघू."
लॅपटॉप बंद करायला लावला,
टूथपिक ब्लेडनं तासून आणखी बारीक केली
आणि ओढत राहिला.
मुंगीच्या गादीला पुरेल एवढा कापूस निघाला,
दिवाळीपासूनचा,
रोज केबल खुपसून खुपसून
मीच बांधलेली गठाण.

आजोबांची धनुकली अजून माळ्यावर आहे, म्हणाला,
तात तुटलेली.
"कुठंही जा, कापूस आम्हाला सोडत नाही."

आकडा आला. गेला.
केबल पालथी केली: आला, थांबला.
पुन्हा उताणी: गेला.
आतली एक बाजू झिजलीय, पोर्टच बदलावा लागेल,
जळगावला, चार दिवस.
चार दिवस! ऐन हंगामात!

पर्समधलं नेलपॉलिश काढलं,
नणंदेच्या हळदीला घेतलेलं, डाळिंबी,
आणि केबलच्या एका गालावर ठिपका दिला.
रात्रपाळीच्या पोरासाठी भिंतीवर कागद लावला:
ठिपका वर ठेवणे. जोर करू नये.
फुंकर तर मुळीच मारू नये, थुंकी उडते.

उलटं-सुलटं नसतं म्हणे.

सुकलालचं ट्रॅक्टर काट्यावर चढलं,
खिडकीची काच थरथरली.
ठिपका वाळला नव्हता अजून,
तेवढ्यात त्यावर
एक तंतू येऊन बसला.