डावा पाय

नांदुरीच्या घाटात, तिसऱ्या वळणावर
इंजिन ओरडलं आणि गाडी चढेना.
मी दाबतोय, आवाज वाढतोय,
आणि शेजारून कांद्याचा एक टेम्पो
आम्हाला ओलांडून गेला, निवांत.
मग तो वास:
रद्दी आणि केस एकत्र जाळल्यासारखा.

"शिकताना हर्षालीनंच जाळली असणार क्लचप्लेट,"
मी म्हणालो. मोठ्यानं.
मागच्या सीटवर सून पोराचं नाक रुमालानं झाकत होती.
तिनं काच खाली केली, एवढंच.

पवननगरच्या गॅरेजवाल्यानं साडेसात हजार सांगितले,
तेही गाडीला हात न लावता.
हर्षाली अंबडला टूलरूममध्ये आहे, मायक्रॉनमध्ये बोलते.
म्हणाली, "बाबा, आधी बघू तर."

केबल बघितली. ढील बरोबर होती.
मग चाकांना विटा, हँडब्रेक पुरता ओढलेला, चौथा गिअर.
"आता सोडा क्लच. सावकाश."
मी सोडला. सगळा सोडला.
गाडी जागेवरच गुरगुरत राहिली, शहाण्यासारखी.
"बंद पडायला हवी होती," ती म्हणाली,
आणि पान्यांचा डबा आणायला आत गेली.

रविवार गेला. पुढचाही अर्धा गेला.
बॅटरी, स्टार्टर, दोन्ही ॲक्सल,
गिअरऑइल रंगाच्या जुन्या डब्यात.
कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स खाली अंथरलेला,
त्यावर ती उताणी, आणि साहेब
तिच्या कोपराखालून हसतायत.
मागचा एक बोल्ट डोळ्यांना दिसतच नाही.
त्याची ओळख फक्त माझ्या बोटांशी,
आणि तीही चांगली नाही.

इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला,
पिंपळगावहून आलेल्या द्राक्षांच्या क्रेटवर गोधडी घातली,
आणि दोघांनी मिळून गिअरबॉक्स हलवला.
हलव. अजून. तुझ्याकडे. माझ्याकडे नको, तुझ्याकडे!
ढप.
गॅलरीतून शिरसाठबाई: "हे सगळं परत बसतं ना हो?"
आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही.

प्लेट रिबिटांपर्यंत झिजली होती.
फ्लायव्हीलवर निळा डाग, रॉकेलच्या ज्योतीचा रंग.
मग तिनं ते छोटं बेअरिंग उचललं,
कानाशी नेऊन फिरवलं,
आणि माझ्या कानाशी धरलं.
खरखर.
कोरडं ठाक.

एकतीस वर्षं सातपूरला प्रेसशॉपमध्ये होतो मी.
बेअरिंग असं कशानं जातं, मला विचारू नका.
शिकणारी पोरं क्लच एकदम सोडतात, गाडी बंद पाडतात,
शिव्या खातात. त्यांच्यानं हे होत नाही.
हे होतं न उचललेल्या पायानं.
द्वारकेच्या सिग्नलला, मुंबई नाक्यावर,
अगदी त्र्यंबक रोडच्या सरळ मोकळ्या रस्त्यावरही
माझा डावा पाय त्या पेडलवर टेकलेला,
एसटीत झोपलेल्या पोरावर हात ठेवावा तसा.
असू द्यावा. काय सांगता येतं.

"बेअरिंगपण बदलून टाकू," हर्षाली म्हणाली.
बाकी काही नाही.
द्वारकेजवळच्या दुकानातून किट तिनंच आणला,
बिलाची घडी करून माझ्या चष्म्याच्या घरात ठेवली.

नवी प्लेट मध्यावर धरायला अवजार नव्हतं.
तिनं झाडूच्या दांड्याचा तुकडा कापला,
त्यावर काळी टेप गुंडाळली, एक वेढा, अजून अर्धा,
उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.
"आलं सेंटर."
माझा विश्वास बसेना. बोट फिरवून पाहिलं.
आलं होतं.

संध्याकाळी परत विटा, हँडब्रेक, चौथा.
सोडला.
गाडीनं एक आचका दिला आणि ठप्प.
पोरगं घाबरून रडायला लागलं
आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारली.
डावा पाय मी मुद्दाम खाली, मॅटवर ठेवला.
त्याला तिथं करमेना.
दर शंभर पावलांवर तो उठे,
मी त्याला परत बसवी.
हर्षाली बाहेर बघत पेरू खात होती.
अर्धा तिनं न विचारता माझ्या हातात दिला,
तिखटमीठ लावलेला.

एक वॉशर उरलाय.
कुठला, ते दोघांनाही आठवत नाही.
फ्रिजवर ठेवलाय, सगळ्यांना दिसेल असा.