पांढरा हात

कुशिरोच्या बंदरावर धुकं उतरलं
की भोंगा मिनिटाला एकदा ओरडतो.
दोन ओरडण्यांच्या मधल्या वेळात
मला माझं नाव सांगून होत नसे.
हि... हि... हि...
वर्गाला वाटायचं, हसतोय.
हिदेओमी पुरतं होईतो बाईंची हजेरी
तीन नावं पुढे गेलेली.

अकरा वर्षांचा होतो. ओरितोंच्या दुकानात
सायकलच्या ट्यूबा आणि मासे धरायचे गळ यांच्या शेजारी
पहिल्या भागाची कॅसेट आली.
सुरू केली की काळ्या पडद्यावर चार रिकामे चौकोन:
तुझं नाव?
हि. दे. ओ. मी.
पहिल्यांदाच कुणीतरी
शेवटच्या अक्षरापर्यंत थांबलं.

नायक मुका होता.
राजा विचारायचा, जाशील ना?
आणि एक इवलासा पांढरा हात
‘हो’ आणि ‘नाही’च्या मधे लुकलुकत राहायचा,
रात्रभर राहिला असता.
राक्षससुद्धा थांबायचे,
नख्या उगारून, जबडे वासून,
डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे.
टाइमप्लीज म्हणावं लागत नसे.
आई हाक मारायची, मी जेवून यायचो,
हाताला माशाचा वास तसाच,
आणि राक्षस तिथंच, माझी पाळी राखून.

आम्ही तिघं होतो.
तोकुजी तांदळाच्या पोत्याच्या कागदावर नकाशे काढायचा,
मानाए चिलखतांचे भाव पाढ्यांसारखे म्हणायची.
मी ऐकायचो.

सातव्या भागात पांढरा हात गेला.
येईल परत, तोकुजी म्हणाला.
आठव्यात राक्षस थांबेनासे झाले.
नवव्यात नायकाला केस आले,
वारा नसतानाही उडणारे,
आणि स्वतःचं नाव आलं,
आणि तोक्योतल्या कुणा नटाचा आवाज,
मधाळ, कुठेच न अडणारा.

चार चौकोन मी बराच वेळ शोधले.

तोकुजीनं कंपनीला पत्र लिहिलं. शाईनं. अकरा पानं.
“आमच्या वाळवंटाचा तुम्ही बोळ केलात.
चुकायला जागाच ठेवली नाहीत.”
उलट टपाली नव्या नायकाचं चित्र आलं,
पाठिंब्याबद्दल छापील आभार.
त्यानं ते कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलं,
तोंड भिंतीकडे करून.
यापुढे एक येनसुद्धा नाही, म्हणाला.
दहावा भाग त्यानं पहिल्याच दिवशी आणला,
हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.

मानाए म्हणते, खेळानं काय जन्मभर
आपल्या दारात उभं राहायचं?
त्याचंही पोट आहे.
खरं असेल.
पण पंचवीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढल्यावर
आता माझी बोटंही अडखळतात.
जिभेचं मला ठाऊक होतं, सवय होती.
बोटांचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल तिच्या घरी अकरावा भाग.
रित्सुया खेळत होता, तिचा मुलगा, वय बारा,
अंगठे पाण्यावरच्या किड्यासारखे.
पुढे दरी फुटलेली, मागे सात जण कुऱ्हाडी घेऊन.
त्यानं मान वळवली:
“काका, डावीकडे की उजवीकडे?”

मला माहीत होतं.
जिकडून पाण्याचा आवाज येतो तिकडे वाट.
पहिल्या भागापासून तसंच आहे,
एवढं एक बदलायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.
डा, म्हणालो मी. डा... डा...

पोरानं पडद्याकडे पाहिलं नाही.
हात मांडीवर ठेवून
माझ्या तोंडाकडे बघत बसला.
बाहेर भोंगा झाला.
परत झाला.

“डावीकडे.”

तोवर नायक मेला होता,
त्या मधाळ आवाजात
मातृभूमीविषयी काहीतरी बोलत.
“बरं,” रित्सुया म्हणाला,
आणि पुलाच्या अलीकडून
परत सुरुवात केली.