कप उलटा करून

बर्स्लेमच्या कारखान्यात मला पाठवलं
ते पाच चौकोन भरायला.
स्पर्धक किती, नवे कोण येऊ घातलेत,
गिऱ्हाइकाची मुजोरी, माल पुरवणाऱ्याची मुजोरी,
आणि कपाऐवजी लोक आणखी कशातून चहा पितात.
बाहेर नोव्हेंबर. आवारात चारच गाड्या,
त्यातली एक माझी, भाड्याची.

मॉरीन कोलक्लॉ एकतीस वर्षं त्याच स्टुलावर.
भट्टीतून निघालेला एकेक कप
ती बोटाच्या पेराने वाजवते, कान देते,
मग डावीकडे ठेवते, नाहीतर पिंपात टाकते.
मी म्हटलं, आमच्याकडे मडकं असंच घेतात, वाजवून.
मग तुला काय सांगायचं, म्हणाली,
आणि तरी सांगत राहिली:
चिरलेला कप खोटं बोलत नाही,
फक्त लवकर गप्प होतो.

दुपारी मालकाने गॅसचं बिल दाखवलं,
घरातल्या आजाऱ्याचा एक्स-रे दाखवावा तसं,
उजेडाकडे धरून.
भट्टी भरलेली असो की रिकामी,
तिची भूक तेवढीच.
विझवली तर पुन्हा तापायला तीन दिवस,
आणि तीन दिवसांत सुपरमार्केटचा माणूस
दुसऱ्या देशात फोन लावतो.
मागच्या आठवड्यात येऊन गेला. बोलायला गोड.
कपामागे अकरा पेन्स कमी करा म्हणाला
आणि जाताना नमुन्याचे सहा घेऊन गेला.

मी लिहिलं: ग्राहकाची सौदाशक्ती, तीव्र.
मी लिहिलं: पर्यायी वस्तू, कागदी पेला.
समोरचा कारखाना बंद पडला तेव्हा
तुम्हाला बरंच झालं असेल, एक स्पर्धक कमी,
असं मी विचारून बसले.
मॉरीन म्हणाली, तिथे माझी बहीण होती.
मालक म्हणाला, मातीवाला एकट्या आमच्यासाठी
एवढ्या लांब येईना. भाडं दीडपट झालं.

हे कुठल्या चौकोनात जातं?
आणि गॅस? कुठल्याशा युद्धाने चढलेला पौंडाचा ताप?
समोरच्या धुराड्याच्या टोकातून उगवलेलं झुडूप?
त्याचं नाव मॉरीनला ठाऊक होतं,
मला नीट लिहून घेता आलं नाही.
चौकोनांच्या बाहेर समासात
मी 'बाह्य पर्यावरण' असं लिहिलं.
शब्द एवढा ऐसपैस
की त्यात कुणीच सापडत नाही.

या गावात माणसं पाहुणी गेली तरी
बशी उलटून आधी खालचा शिक्का वाचतात.
रात्री लॉजवर मला ते आठवलं,
पण भरलेला कप उलटा करता येत नाही.
डोक्याच्या वर धरला, खालून पाहिला.
गावाचं नाव नव्हतं, कुणाचंच नव्हतं.
एवढंच: डिशवॉशरला चालेल.

घरी, रेडिंगला, माझेही सहा आहेत.
फोनवर मागवलेले, रात्री साडेअकराला,
सवलत संपायच्या आत.
वाजवून नाही घेतले.