दुर्बीण

पहाटे तीनला कानेलाच्या पाठीवर खोगीर कसते मी.
कोल्काच्या तळाशी काल उतरलेली माणसं
गुडघे चोळत बसलेली असतात.
खजुरांखालचा तलाव झाला,
गरम पाण्याचं कुंड झालं,
दोरावरून नदी ओलांडून झाली,
आता उरलाय फक्त चढ.
"टॅक्सी, टॅक्सी," मी खेचराकडे बोट दाखवते.
ती हसतात.
साठ सोल म्हटलं की हसायची थांबतात.

वीस वर्षं हाच चढ विकतेय.

माझी आई, सेबास्तियाना,
चाळीस वर्षं या काठावर नांदली
पण काँडोरच्या त्या कड्यावर कधी गेली नाही.
"काय बघायचं त्यात?
तिथं लोक पैसे मोजून त्याला बघतात,
आमच्या कोकराचे डोळे तर तो फुकटात घेऊन गेला."

मक्याची कापणी उरकली,
कणसं छपरावर पसरली,
तिच्या हातांना काही सुचेना तेव्हा
मीच तिला व्हॅनमध्ये बसवलं.
गावच्यांना तिकीट नाही, म्हटलं, चल.
तिनं भरतकामाची टोपी काढली, लग्नाला घालते ती,
आणि वाटभर ती मांडीवरच धरून बसली.

कड्यावर नेहमीचा बाजार.
हेल्मेटवाली दोघं सायकली भिंतीला टेकवून केळी खाताहेत,
एक म्हातारा तीन पायांच्या कॅमेऱ्याशी भांडतोय,
फ्लोरेन्सिया हातावर गरुड घेऊन उभी,
फोटोचे पाच सोल.
कुणीतरी आईचाही फोटो काढला, न विचारता,
आणि तिच्या तळहातावर नाणं ठेवलं.
तिनं ते परत केलं नाही.
त्या बाईच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट केलं नुसतं.

मला वाटलं, आता आकाश बघेल.
तिनं दुर्बीण समोरच्या कड्याला लावली.

समोर तिचं माहेर.
मध्ये नुसती हवा.
हाक मारली तर पोचेल असं वाटतं, पोचत नाही.
पायी जायचं तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत:
खाली नदी, झुलता पूल,
मग निवडुंगातून वर, वर, वर.
आजी गेली तेव्हा ती शेवटची गेली होती.
मामा मेल्चोर आरेकिपाला गेला,
घराला कुलूप लागून अकरा वर्षं झाली.

"वरून तिसऱ्या पायरीला पाणी सोडलंय कुणी," ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
"दार निळं केलंय. आपलं हिरवं होतं."
मग,
"घोंगडी वाळत घातलीय. लाल. कोण आहे गं?"
मला काय दिसणार? मला तर डोंगराची भिंत
आणि तिच्यावर चिकटलेले चार दाणे.

तेवढ्यात सगळे एकदम ओरडले.
आमच्या पायांखालून तो वर आला,
एकदाही पंख न हलवता,
पाठीवरचे पांढरे पट्टे उन्हात धुतल्यासारखे,
इतका जवळ
की पिसांतून वारा फाटत गेल्याचा आवाज आला.
म्हाताऱ्याचा कॅमेरा पडता पडता राहिला.
सायकलवाली मुलगी रडायलाच लागली, खरंच.

आईनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.
"हो बाजूला," ती पुटपुटली,
"मध्ये येऊ नकोस."

भिंगं घागऱ्यानं पुसून तिनं दुर्बीण परत दिली.
व्हॅनमध्ये एक शब्द नाही.
पिंचोयोपाशी मेंढ्या आडव्या आल्या,
ड्रायव्हर शिव्या देत थांबला,
तेव्हा म्हणाली,
"उद्या कानेला मोकळी आहे?"

"तुझे गुडघे?"

"म्हणूनच तर विचारते. किती घेशील?"

"आईकडून?"

"धंदा तो धंदा."
आणि मूठ उघडली.
घामानं ओलं झालेलं, फोटोवालीचं ते नाणं.
"हे आगाऊ. बाकीचं मामाच्या घरात कोण घुसलंय
त्याच्याकडून वसूल करू.
आणि तिला रात्री पोटभर चारा घाल,
जाताना उतार आहे, पण मी
हातात मक्याचं पोतं घेणार आहे.
माहेरी रिकाम्या हातानं जात नाहीत."