ब्याण्णव

येंडीच्या पुढे चौदा किलोमीटर दोनशे मीटर,
डावी बाजू, तिसरा थर.
रोलर आठ वेळा जाऊन आलाय.
मी गुडघे टेकून भोक पाडते,
वीतभर खोल, कडा ढासळू न देता.
निघालेला मुरूम चमच्याने पिशवीत,
बोटांना चिकटलेला, तोही झटकून पिशवीत.
मग त्या भोकात मोजलेली कोरडी वाळू सोडते.
जेवढी वाळू मावली तेवढं भोक.
बाकी सगळं त्रैराशिक.

ब्याण्णव.
हवेत पंच्याण्णव.

तीन टक्क्यांनी काय होतंय, वुम्पिनी,
नेइंदू विचारतो. मुकादम आहे, त्याला बिल लावायचंय.
तीन टक्के म्हणजे दाण्यादाण्यांतली हवा.
जूनमध्ये तिच्या जागी पाणी येऊन बसेल,
आणि ऑगस्टमध्ये कोनफळांनी लादलेला ट्रक
इथेच, बरोब्बर इथे, कमरेत वाकेल.

हर्मटान सुटलाय. उत्तरेचा कोरडा वारा
टँकरने शिंपडलेलं पाणी
रोलर पोचायच्या आत पिऊन टाकतो.
मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा,
मोडला तर दोन तुकडे व्हावेत, चुरा नको.
आज चुरा.
ओठांचाही.

आझिंदू रोलरवरून खाली उतरत नाही.
सव्वीस वर्षं तो या थरथरीवर बसलाय,
चहाचा पेला दोन्ही हातांनी धरतो.
त्याला आकडा लागत नाही.
थर पिकला की ड्रमचा आवाज बदलतो, म्हणतो,
आधी धब, मग ठण.
आज काय आला, मी विचारते.
तो दूरच्या बाओबाबकडे बघत राहतो.
म्हणजे धब.

आमच्या घरचं अंगण बायकांनी चोपलं होतं.
ओणव्या, ओळीने, हातात लाकडी चोपणी,
दावादावाच्या शेंगा उकळलेलं तांबडं पाणी शिंपून.
गाण्याची ओळ संपल्याशिवाय
कुणी पाऊल पुढे टाकायचं नाही.
त्यांत लामनातू नावाची एक होती,
ती चोपणं अर्धंच उचलायची.
तिच्या जागी अजून पाणी साचतं.
आम्ही पोरं त्याला लामनातूचं तळं म्हणायचो,
कोंबड्या तिथे पाणी प्यायच्या, आम्ही हसायचो.
त्याच महिन्यात तिचं मूल गेलं होतं
हे मला फार उशिरा कळलं,
पास होऊन, वजनकाटा हातात आल्यावर.

काट्याला कारण कळत नाही.
पाण्यालाही.

नेइंदू पेन्सिल पुढे करतो.
मी खिशातलं पेन काढते.
ब्याण्णव. खाली सही.

मग ग्रेडर येतो, मागचे दात जमिनीत रुतवून
कालचा अख्खा दिवस उकरत जातो.
बावा मान न वळवता पातं तिरपं करतो,
ढिगाची वळकटी कडेकडेने सरकते.
टँकर. पुन्हा टँकर.
ओली माती उलटसुलट, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.
मध्यापासून कडेला शंभराला तीन उतार.
इथेही तीनच,
पण हे तीन म्हणजे पाण्याला दाखवलेला दरवाजा.
बावा ते दोरीवर एकदा तपासतो,
एरवी डोळ्यांनी.
नेइंदू सावलीत बसून डिझेलचा हिशेब पुटपुटतो,
मला ऐकू येईल इतपत.

साडेपाच. धुळीत सूर्य सोललेल्या संत्र्यासारखा.
मुठीतला गोळा मोडला, दोन तुकडे झाले.
सातव्या फेरीला आझिंदू हात वर करतो.
मलाही ऐकू आलं. ठण.

मी तरीही गुडघे टेकते,
वीतभर भोक, चमचा, पिशवी, वाळू.
शहाण्णव.
तो विचारत नाही, मी सांगत नाही.

मग भोकातली वाळू काढून ते बुजवायला घेते,
मुरूम मूठमूठ, थोडं पाणी, वर धुम्मस.
अंधारायला लागलंय, गाडीवाला हॉर्न देतोय,
एवढ्याशा खड्ड्याकडे कोण बघणार आहे.
मी धुम्मस खांद्याच्या वर उचलते.
माझ्या वाटचं मारते,
आणि उरलेलं लामनातूचं.